मागच्या खोलीची कडी काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्ह्याच्या निरीक्षण गृहातले (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना बाल न्याय मंडळाचा निकाल लागेपर्यंत ठेवतात ती संस्था) परिविक्षा अधिकारी लिहितात की त्यांच्याकडे मारामारी, शिवीगाळ किंवा हात कापून घेण्याचा प्रकार झाला की मुलाला ‘मागच्या खोलीत’ ठेवतात. कधी दोन तास, कधी दोन दिवस. नव्या अधीक्षकांना हे थांबवायचं आहे आणि कर्मचाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं आहे. त्यात नेमकं काय शिकवायचं? आणि ‘खोली गेली तर पोरं डोक्यावर बसतील’ असं म्हणणाऱ्या जुन्या काळजीवाहकांना, म्हणजे मुलांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना, काय सांगायचं?

मी आधी परिविक्षा अधिकारी होते, नंतर बरीच वर्षं निरीक्षण गृहं आणि विशेष गृहांच्या (गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांना ठेवतात त्या संस्थांच्या) कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देत आले. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी दोन दिवसांबद्दल. दोन दिवसांत काळजीवाहक काय शिकतात ते मला पाठ आहे. खोली वाईट असते असं साहेबांसमोर म्हणायचं आणि पुढच्या वेळी नोंदवहीत लिहायचं नाही, एवढंच शिकतात. सुरुवातीची काही वर्षं मी अशीच प्रशिक्षणं घेतली. प्रोजेक्टर, बालहक्क, किशोरवयीन मेंदू, पुरी-भाजी, गटचर्चा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. त्यातल्या एका संस्थेत तीन महिन्यांनी परत गेले तर मागच्या खोलीला पोपटी रंग लागलेला, भिंतीवर कमळ काढलेलं आणि दारावर ‘शांतता कक्ष’ अशी पाटी. कडी मात्र होती तिथेच, बाहेरून. माझ्या प्रशिक्षणाचं फलित म्हणजे ती पाटी.

करोनाच्या काळात तर काही ठिकाणी खोलीला सरकारी नावच मिळालं, क्वारंटाइन. साथ गेली, शब्द राहिला. म्हणून मी आता व्याख्या एकाच ओळीत सांगते: दार बाहेरून बंद असेल आणि मुलाला स्वतःहून बाहेर येता येत नसेल, तर ती कोंडणूकच. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

तुमच्या प्रशिक्षणाची सुरुवात वर्गात करू नका, नोंदवहीपासून करा. मागच्या तीन महिन्यांची घटना-नोंदवही आणि हजेरीपट काढा आणि खोलीत टाकलेल्या प्रत्येक मुलाची वेळ, वार, ड्यूटीवर कोण होतं आणि त्या दिवशी सकाळी त्या मुलाबाबत काय झालं होतं, एवढं एका कागदावर मांडा. मी जिथे जिथे हे केलं तिथे घटना संध्याकाळच्या चहापासून झोपेपर्यंतच्या पट्ट्यात गोळा झालेल्या दिसल्या. शाळेचे शिक्षक गेलेले, समुपदेशक गेलेल्या, मैदान बंद, टीव्हीचा रिमोट एक आणि पोरं तीस. दुसरी गोष्ट दिसली ती तारखेची. बाल न्याय मंडळापुढे तारीख होती, आज जामीन होईल असं वकिलांनी सांगितलं होतं, आई येणार होती. आई आली नाही आणि पुढची तारीख पडली. मुलगा परत येतो, काही बोलत नाही, जेवायच्या रांगेत कुणीतरी ‘काय रे, सुटला का?’ म्हणतं आणि ताट उडतं. नोंदवहीत काय लिहिलेलं असतं? ‘उद्धट वर्तन केल्याने वेगळे ठेवले.’

हा कागद कर्मचाऱ्यांसमोर ठेवा आणि गप्प बसा. त्यांना तो तुमच्यापेक्षा चांगला वाचता येतो. एका ठिकाणी रात्रपाळीचे एक काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, हे सगळे तारखेचे वार आहेत.’ त्या संस्थेत दुसऱ्याच दिवसापासून पाळी बदलताना एक नवी रीत पडली. दिवसपाळीचा माणूस रात्रपाळीच्या माणसाला तीन गोष्टी तोंडी सांगतो: आज कुणाची तारीख होती, कुणाच्या घरचे आले नाहीत, कुणी जेवलं नाही. दोन मिनिटांचं काम. माझ्या कुठल्याही स्लाइडने एवढा फरक पाडलेला नाही.

आता कळीचा मुद्दा. काळजीवाहक खोली का वापरतो? तो क्रूर असतो म्हणून, असं समजून प्रशिक्षण आखलंत तर पहिल्या तासातच सगळे हाताची घडी घालून बसतील. काही क्रूर असतात, त्यांचा इलाज प्रशिक्षण हा नाही, विभागीय चौकशी हा आहे. पण बहुतेकांची गोष्ट वेगळी असते. रात्रीचे पावणेनऊ. एक माणूस, तीस-पस्तीस मुलं, गेटवर कंत्राटी वॉचमन, त्याला गेट सोडून आत यायची परवानगी नाही. अधीक्षक घरी. दोन मुलं एकमेकांच्या उरावर बसलीत. या माणसाकडे तीन गोष्टी आहेत: ओरडणं, हाणणं आणि कडी. ओरडून उपयोग होत नाही हे त्याला माहीत आहे. हाणलं तर सीसीटीव्ही आहे आणि नोकरी जाते. उरली कडी. कडी लावली की एका मिनिटात शांतता होते, बाकीची पोरं गपगार झोपतात, सकाळी साहेब विचारतात ‘काही झालं का?’ आणि तो म्हणतो ‘काही नाही’. ती कडी त्याचं संरक्षण आहे. तुम्ही ती काढून घेणार असाल तर पावणेनऊ वाजता त्याच्या हातात दुसरं काय देणार, हे आधी ठरवा. प्रशिक्षण म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर, बाकी सगळं तोंडी लावायला.

म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या दहा मिनिटांच्या सरावात जातो. भूमिका वाटून देते: भांडणारा मुलगा, काळजीवाहक आणि मागे बघणारी पोरं. मुलाची भूमिका मी मुद्दाम सर्वांत जुन्या आणि सर्वांत नाखूश काळजीवाहकाला देते. ते इतका जीव ओतून करतात की बघत राहावं. वीस वर्षं ऐकलेल्या शिव्या एका दमात बाहेर येतात. मग थांबवून विचारते, ‘तुमचा हात कधी थांबला असता?’ उत्तर जवळपास दर वेळी एकच येतं: ‘मागची पोरं हसत होती तोवर थांबणं शक्यच नव्हतं.’

म्हणजे पहिली हालचाल त्या मुलाला हलवण्याची नाही, प्रेक्षक हलवण्याची. मुलाला धरून नेलं की झटापट होते. बाकीच्यांना ‘चला, सगळे हॉलमध्ये’ म्हणून नेलं तर बऱ्याचदा भांडणाचा जीवच जातो. हे एकट्या माणसाला जमत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर, सगळ्यांना प्रशिक्षणात बसवा. त्यांना वगळण्याची चूक मी केली आहे. एका संस्थेत कुणाचंच न ऐकणारी पोरं पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं ऐकायची, आणि मावशींना आम्ही प्रशिक्षणाच्या दिवशी जेवणाच्या तयारीला लावलं होतं.

पुढचं बारीकसारीक, पण सगळा खेळ तिथेच आहे. समोर छाती काढून उभं राहायचं नाही, थोडं तिरकं, दोन हातांचं अंतर ठेवून. तळहात दिसले पाहिजेत. चाव्यांचा जुडगा खिशात, कारण त्याचा आवाज या मुलांना पोलीस कोठडीपासून ओळखीचा असतो. दाराच्या चौकटीत उभं राहायचं नाही, वाट अडवल्यासारखी होते. एकाच माणसाने बोलायचं, बाकीचे मुके. नावाने हाक मारायची, आडनावाने नाही, गुन्ह्याने तर मुळीच नाही. (‘ए ३०२’ अशी हाक मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.) आणि ‘का केलंस?’ हा प्रश्न निदान अर्धा तास विचारायचा नाही. तापलेल्या डोक्याला ‘का’चं उत्तर सुचत नाही, त्याला फक्त आरोप ऐकू येतो.

पर्याय कसा द्यायचा याचा सराव वेगळा घ्या. ‘गप बसतोस की खोलीत टाकू?’ हा पर्याय वाटतो, पण आहे धमकी, आणि सरावात पहिल्या फेरीत सगळे हेच म्हणतात. दोन्ही बाजूंना मुलाची इज्जत राहील असा पर्याय हवा: ‘इथे पाणी पिऊन बसतोस, की माझ्याबरोबर अंगणात चक्कर मारतोस?’ ऐकायला बावळट वाटतं, हे मला मान्य आहे. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर माघार घ्यायची असते तेव्हा त्याला एक दार हवं असतं, आणि ते आपण उघडून द्यावं लागतं.

अंगाला धरून काबूत आणण्याचे डाव मी शिकवत नाही. दोन दिवसांत अर्धवट शिकलेला डाव न शिकलेल्यापेक्षा घातक. एवढंच बजावते की भांडणारे दोघे वेगळे करताना पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही, छातीवर-मानेवर वजन टाकायचं नाही. श्वास अडकून माणूस मरतो, आणि ‘सोडा, श्वास येत नाही’ हे नाटक समजलं जातं.

एक व्यायाम मी बंद केला, तोही सांगते, कारण तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: कर्मचाऱ्यांना वीस मिनिटं त्याच खोलीत कोंडायचं. निम्मे जण हसत बाहेर येतात आणि म्हणतात, ‘एवढं काय, झोप लागली.’ बरोबरच आहे, त्यांना माहीत असतं की वीस मिनिटांनी दार उघडणार आणि बाहेर चहा आहे. मुलाला हेच माहीत नसतं. एका बाईंना आत घाबरून धाप लागली, त्यांचं पूर्वायुष्य आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याऐवजी मी आता जुन्या नोंदीतला एक प्रसंग घेऊन तासागणिक लिहायला लावते: पहिल्या तासात तो काय करत होता, तिसऱ्या तासात, लघवीला कुठे गेला, पाणी कुणी दिलं, रात्री दिवा चालू होता का. पहिल्या तासाचं सगळे भराभर लिहितात, ‘दार वाजवत होता’. चौथ्या तासापाशी पेनं थांबतात, कारण तेव्हा तिथे बघायला कुणी गेलेलंच नसतं.

आणि त्याच तासांत काय होतं हे सांगायला मी परदेशातला एक अभ्यास वापरते. अमेरिकेत लिंडसे हेज यांनी १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत बालगुन्हेगारांच्या संस्थांमध्ये झालेल्या आत्महत्यांची देशभर पाहणी केली. ११० आत्महत्या सापडल्या, त्यांपैकी ७९ची तपशीलवार माहिती मिळाली. त्यातली निम्मी मुलं त्या क्षणी खोलीबंद होती. कर्मचाऱ्यांना हा आकडा लागतो, कारण त्यांची सर्वांत मोठी भीती हीच असते, आपल्या ड्यूटीत काही झालं तर? खोली आपल्याला वाचवते असं त्यांना वाटत असतं. इथे ते समीकरण उलटं होतं.

आपल्याकडे यात आणखी एक धोका मिसळतो, तो म्हणजे नशेचा. मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’, छत्रपती संभाजीनगरकडची ‘बटन’, शहरांत व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन. यातल्या गोळ्या झोपेच्या-चिंतेच्या औषधांच्या वर्गातल्या असतात. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या की झोप उडते, अंग थरथरतं, चिडचिड पराकोटीला जाते आणि काहींना चक्क फिट येते. संस्थेत आल्यावर पहिल्या आठवड्यात जो मुलगा ‘माजलाय’ म्हणून खोलीत जातो तो पुष्कळदा हा असतो. त्याला एकटं कोंडणं म्हणजे फिट येईल तेव्हा बघायला कुणी नाही याची व्यवस्था करणं. पहिल्या वैद्यकीय तपासणीत नशेबद्दल नीट, न धमकावता विचारलं जातं का हे तपासा, आणि थरथर, घाम, भास ही लक्षणं वॉचमनलाही ओळखता आली पाहिजेत. अशा मुलाची जागा सरकारी दवाखान्यात, खोलीत नाही. माझ्या मते प्रशिक्षणातला सर्वांत जास्त जीव वाचवणारा तास हा आहे आणि तो घ्यायला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा माणूस बोलवा. मी किंवा तुम्ही नको.

हात कापून घेणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही विचारलंय. ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी’ त्याला एकटं ठेवतात. अमेरिकेने डिसेंबर २०१८मध्ये फर्स्ट स्टेप कायदा केला. त्यात केंद्रीय कोठडीतल्या अल्पवयीनांना शिक्षा म्हणून किंवा सोयीसाठी खोलीत बंद करायला मनाई आहे. दुसऱ्याला गंभीर इजा करण्याचा धोका असेल तर जास्तीत जास्त तीन तास, आणि धोका फक्त स्वतःला असेल तर किती? तीस मिनिटं. मी वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून विचारते, कुठला कशासाठी असेल? जवळपास सगळे उलटं सांगतात. ‘स्वतःला मारणाऱ्याला जास्त वेळ ठेवायला पाहिजे ना!’ मग त्यावर जी चर्चा होते ती मला करावी लागत नाही, ते आपापसातच करतात. स्वतःला इजा करणाऱ्याला माणूस लागतो. शेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस, बोलला नाही तरी चालेल.

आता अवघड भाग. मोठ्या मुलाने लहान मुलावर लैंगिक अत्याचार केला, किंवा एखादा खरोखरच सतत हल्ले करतोय. तेव्हा वेगळं ठेवावंच लागतं, आणि ‘कधीच नाही’ असं सांगणारा प्रशिक्षक या प्रश्नावर तोंडघशी पडतो. वेगळं ठेवणं आणि एकटं ठेवणं यात फरक आहे, हे इथे शिकवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीच्या २०१९च्या टिप्पणीत, म्हणजे २४व्या सर्वसाधारण टिप्पणीत, हेच आहे: मुलाला एकांत कोठडी नाही, वेगळं ठेवावं लागलं तर कमीत कमी वेळ, शेवटचा उपाय म्हणून, प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत किंवा जवळच्या देखरेखीखाली, आणि कारण व कालावधीची नोंद करून. व्यवहारात याचा अर्थ: झोपायची जागा बदला, स्नानगृहाच्या वेळा बदला, त्याच्यासोबत एक माणूस द्या, शाळा, खेळ, जेवण, समुपदेशन चालू ठेवा, आणि मंडळाला त्याच दिवशी कळवा. आणि कृपा करून ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला ‘सुरक्षिततेसाठी’ खोलीत ठेवू नका. हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तक्रार केली की कोंडतात, हा धडा सगळी संस्था शिकते आणि पुढे कुणी तक्रार करत नाही.

‘मग शिक्षाच नाही का?’ हा प्रश्न येणार. आहे की. फोडलं ते दुरुस्त करायचं, ज्याला मारलं त्याच्याशी समोरासमोर बसून निस्तरायचं, आजचा टीव्ही नाही, उद्याचा कॅरम नाही. लगेच आणि थोडक्यात. पण काय काढून घ्यायचं नाही याची यादी भिंतीवर लावा. कोठडीतल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या १९९०च्या हवाना नियमांमधला ६७वा नियम बघा. त्यात अंधारकोठडी आणि एकांत तर निषिद्ध आहेच, पण जेवण कमी करणं, घरच्यांची भेट तोडणं, शिक्षा म्हणून कामाला जुंपणं, एकासाठी सगळ्यांना शिक्षा करणं, हेही नाही. कामाचं वाचून कर्मचारी दचकतात, कारण ‘आठवडाभर संडास घास’ ही त्यांना सौम्य शिक्षा वाटत असते. नियम म्हणतो, काम हे शिकण्यासाठी, ज्या कामाची शिक्षा झाली ते काम मुलगा आयुष्यभर हलकं मानतो. दुसरा भाग माझा, नियमातला नाही.

कायदा शेवटच्या तासाला घ्या. पहिल्या तासाला कलमं वाचलीत तर लोक एकच गोष्ट शिकतात, लपवणं. पण घ्या जरूर, आणि नेमका घ्या. आपल्या भारतीय न्याय संहितेत एकांतवास आहे, कलम ११ आणि १२; पण ती न्यायालयाने सक्तमजुरीच्या शिक्षेत सांगायची गोष्ट आहे, प्रौढांसाठी, आणि तिथेही एका वेळी १४ दिवसांहून जास्त नाही. १९७८मध्ये सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यालाही तुरुंग प्रशासन आपल्या मर्जीने एकांतात टाकू शकत नाही. म्हणजे फाशीच्या कैद्याबाबत अधीक्षकाला जो अधिकार नाही, तो मोबाइल चोरीच्या संशयावरून आलेल्या मुलाबाबत काळजीवाहक वापरतोय. एवढं सांगितलं की वर्गात शांतता होते. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला एकांतात टाकण्याचा अधिकार संस्थेतल्या कुणालाच दिलेला नाही. उलट कलम ८२ शारीरिक शिक्षेबद्दल आहे, पहिल्यांदा दहा हजारांचा दंड, नंतर तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय नोकरी जाऊ शकते आणि मुलांसोबत काम करायला बंदी. कलम ७५ क्रौर्याबद्दल. त्यात मुलाला अनावश्यक मानसिक वा शारीरिक यातना होतील असं वागवणं येतं, आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याने ते केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

त्याच तासात लगेच सांगा की त्यांना वाचवणारी गोष्टही कायद्यातच आहे, ती म्हणजे नीट लिहिलेली नोंद. मी दोन नोंदी शेजारी ठेवते. एक: ‘मुलाने गैरवर्तन केले, समज दिली.’ दुसरी: ‘रात्री ८.४० ताट फेकले. बाकी मुलांना हॉलमध्ये नेले. ८.५० व्हरांड्यात सोबत बसलो, दार उघडे. पाणी दिले. आज तारीख होती, आई आली नाही असे सांगितले. ९.२० जेवला. अधीक्षकांना फोन ९.२५.’ उद्या मंडळाने किंवा तपासणी समितीने विचारलं तर कुठल्या नोंदीवर तुम्ही उभे राहू शकता? लिहिण्याचा सराव वर्गातच घ्या. पुष्कळांना लिहायचा कंटाळा नसतो, भीती असते. अक्षर, शुद्धलेखन, साहेब काय म्हणतील. मोबाइलवर बोलून नोंदवा आणि सकाळी उतरवा, असं सांगितल्यावर एका ठिकाणी नोंदी तिपटीने लांब झाल्या.

‘डोक्यावर बसतील’ याला उत्तर. पहिले काही आठवडे बसतील, हे कबूल करा. मुलं नवा नियम खरा आहे का ते तपासून बघतात. त्यानंतरचं सांगायला मी अमेरिकेतल्या ओहायो राज्याचं उदाहरण देते. केंद्रीय न्याय विभागासोबत २०१४मध्ये झालेल्या समझोत्यानंतर त्या राज्याने मुलांना खोलीबंद ठेवण्याचे तास प्रचंड घटवले, आणि संस्थांमधली हिंसा वाढण्याऐवजी उतरली. मिसूरीने तर १९८३मध्ये बूनव्हिलची जुनी मोठी सुधारशाळाच बंद केली आणि दहा-बारा मुलांचे लहान गट केले, प्रत्येक गटासोबत तीच ती माणसं. मॅसॅच्युसेट्सने २००९पासून शिक्षा म्हणून खोलीबंदी थांबवली. तातडीत वेगळं ठेवावं लागलं तर वेळ जसजसा वाढेल तसतशी परवानगी अधिक वरच्या अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. ही शेवटची युक्ती आपल्याकडे फुकटात करता येते. पंधरा मिनिटांपुढे अधीक्षकांना फोन. तासापुढे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना. रात्री साडेदहाला साहेबांना उठवायचं म्हटलं की कडीची सवय झपाट्याने सुटते.

पण या उदाहरणांनी जुना काळजीवाहक बधत नाही, हेही खरं. ‘तिकडे माणसं किती आणि इकडे किती’ असं तो म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे. रात्री एकच माणूस असेल तर माझं सगळं वरचं लिखाण अर्धं निकामी आहे. अधीक्षकांनी प्रशिक्षणाआधी रात्रपाळीला दुसरा माणूस मिळवून दाखवला तर वर्गात त्यांचं कुणी ऐकेल. निदान फोन केला की वीस मिनिटांत कोण येणार, हे लेखी हवं. आणि दुसरी कसोटी अधीक्षकांची आहे. खोली न वापरता एखादी रात्र हाताबाहेर गेली, काच फुटली, कुणाच्या डोक्याला टाके पडले, तर दुसऱ्या दिवशी ते काळजीवाहकाला कारणे दाखवा नोटीस देतात, की त्याच्यासोबत चहा घेऊन ‘काय झालं, कुठे आधी लक्षात आलं असतं’ असं विचारतात? सगळे कर्मचारी त्या एका सकाळची वाट बघत असतात. नोटीस निघाली तर खोली परत सुरू झाली म्हणून समजा.

तेव्हा तुमचे दोन दिवस असे मोडा. पहिला दिवस आता: नोंदवहीचा कागद, सराव, नशेचा तास, लेखन. दुसरा दिवस सहा आठवड्यांनी, फक्त मधल्या काळातल्या खऱ्या घटनांवर. मधल्या काळात दर आठवड्याला पाळी बदलताना अर्धा तास, एक घटना, दोषारोप नाही. रात्रपाळीच्या लोकांसाठी हा अर्धा तास रात्री घ्या, त्यांना सुटीच्या दिवशी दुपारी बोलावू नका. प्रशिक्षकाने निदान दोन रात्री तिथे काढाव्यात, नाहीतर त्याला दुसऱ्या दिवशी बोलायचा अधिकार नाही. मुलांनाही सांगा, मुलांच्या समितीपुढे, की खोली बंद होतेय आणि त्याऐवजी काय होणार आहे. समिती नियमांत आहेच, बहुधा कागदावर. आणि खोलीचं काय करायचं ते आधी ठरवा, रिकामी राहिली तर परत भरते. एका संस्थेत सुतारकामाच्या निदेशकांनी मुलांना घेऊन ते दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि त्याच फळ्यांचं टेबल-टेनिसचं टेबल केलं. थोडं उतरतं झालंय, चेंडू एका बाजूला घरंगळतो.

तुमची तीन महिन्यांची नोंद मांडून झाली की मला पाठवा, कुठल्या वेळेपासून सुरुवात करायची ते सांगेन. मुलांची नावं, पत्ते, शाळा, गुन्हा क्रमांक आधी खोडा. मुलाची ओळख उघड करायला बंदी घालणारं बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आपल्यालाही लागू आहे. वार आणि वेळ तेवढी राहू द्या.